बसल्या बसल्या

माझ्या भाचीच्या फाईलवर चाफ्याचे डाग पडले म्हणून तिच्या सरांनी अकरा पानांवर लाल पेनाने काट मारली. त्यानंतरच्या सोळा दिवसांत मी जितक्या लोकांवर चिडले तितकी आयुष्यात चिडले नसेन. अजूनही तो राग पुरता गेलेला नाही. लिहून काढलं की जातो म्हणतात. बघू.

भाची म्हणजे माझ्या मोठ्या भावाची मुलगी, एकुलती एक. दादाची आगाशीला वाडी आहे. सोनचाफ्याच्या बारा ओळी, कुंपणाच्या कडेने तगर, मागे थोडी केळी. मी विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहते आणि गोखिवऱ्याला नोकरी करते. औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणारी कंपनी आहे, तिथलं ऑफिस मी सांभाळते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. बी.कॉम., सेकंड क्लास, एकही वर्ष न चुकता. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. दरवर्षी आमच्या समाजाच्या हॉलमध्ये मुलांचा गुणगौरव असतो. तिथे मला चार शब्द बोलायला उभं करतात आणि मी म्हणते, "मी माझ्या हिमतीवर शिकले. सकाळी वाडीत, दुपारी कॉलेजात. तुम्हाला आता घरात पंखा आहे, हातात मोबाईल आहे, मग तुम्हाला काय धाड भरलीय?" टाळ्या पडतात. आजवर कुणी उलट विचारलेलं नाही.

तर भाची इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर घेऊन. कॉलेज वसई पूर्वेला, आमच्या कंपनीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तरी ती माझ्या ऑफिसात कधी आली नव्हती. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका बुधवारी दुपारी बाराला वॉचमनचा फोन आला.

"मॅडम, आपकी कोई लडकी बैठी है इधर."

"रडतेय का?"

"रो नहीं रही. बस बैठी है."

ड्रायव्हर लोकांसाठी गेटजवळ एक बाकडं आहे. त्यावर ती बसली होती. मांडीवर बॅग, बॅगेवर फाईल, फाईलवर दोन्ही हात.

"काय गं, लेक्चर नाही?"

"आत्या, मी कॉलेज सोडतेय."

चहा सोडलाय म्हणून सांगावं तसं सांगितलं.

"डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरायला जागा कुठाय त्यात," ती म्हणाली आणि हसली. ते हसू मला अजिबात आवडलं नाही.

कॅन्टीनमध्ये नेऊन तिला वडापाव खायला घातला आणि फाईल उघडली. पानापानावर तांबूस डाग, चहा सांडल्यासारखे, आणि अकरा पानांवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल रेघ. शेवटच्या पानावर सरांचा शेरा, की फाईल अस्वच्छ आहे, सगळं पुन्हा लिहून आणा.

"हे कसले डाग?"

"चाफ्याचे. पुड्या बांधताना फाईल शेजारीच होती."

मग एकेक बाहेर आलं. पहाटे पाचला तोडणी. कुंपणाकडच्या चार ओळी तिच्या. आमच्याकडे वाडीत ओळी वाटलेल्या असतात, ज्याच्या ओळी त्याने तोडायच्या. तोडून झालं की ओट्यावर बसून दहा-दहा फुलांच्या पुड्या बांधायच्या, कारण दादरला फुलं नेणारा साडेसहाला दारात उभा. त्या दिवशी फाईल द्यायची असेल तर पुडी बांधत बांधतच लिहायचं, चार पुड्या बांधायच्या की दोन ओळी. संध्याकाळी घरी गेलं की तगरीच्या कळ्या. नवरात्रात फुलांना भाव असतो, तेव्हा तर श्वास घ्यायला फुरसत नाही.

आणि कॉलेजचं काय विचारता. सहा विषय, सहा फायली, प्रत्येकीत दहा-दहा प्रयोग, वर असाइनमेंट. शिवाय पहिल्या वर्षाच्या दोन केटी, म्हणजे राहिलेले दोन विषय. हजेरी कमी म्हणून नोटीसबोर्डावर डिफॉल्टरांच्या यादीत नाव, सगळ्यांना दिसेल असं. सगळ्या फायली सह्या होऊन वेळेत जमा झाल्या तरच टर्म ग्रँट होणार. नाही झाली तर परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं. जमा करायच्या शेवटच्या तारखेला सतरा दिवस उरले होते.

मला एक गोष्ट अजून कुणी समजावून सांगितलेली नाही. मुलगी कॉम्प्युटर शिकते. प्रोग्राम कॉम्प्युटरवर लिहिते, तो कॉम्प्युटरवर चालतो. तो चालला की मग तो सगळाच्या सगळा कागदावर हाताने उतरवायचा! पडद्यावर जे उत्तर आलं तेही पेनाने काढायचं, चौकट पेन्सिलीने. मार्जिन दोन बोटं. मी आमच्या कंपनीत एखाद्या पोराला कॉम्प्युटरवरचं चलान हाताने उतरवायला लावलं तर मालक मला घरी पाठवेल. हे इंजिनियर घडवतायत की तलाठी?

पण हा राग नंतरचा. त्या दिवशी माझा सगळा राग भाचीवर होता.

"पेन हातात घेते ना आत्या, तर आधी कुठलं करायचं तेच कळत नाही," ती म्हणाली. "मग मी सगळ्या फायली उघडून ठेवते आणि बघत बसते. काल दोन तास बघत बसले."

"बघत बसून कुणाचं भलं झालंय? लिहायला बस! आम्ही नाही केलं?" आणि मी तिला हॉलमधलं सगळं भाषण ऐकवलं. सकाळी वाडीत, दुपारी कॉलेजात. तिने वडापाव संपवला, हात पुसले आणि म्हणाली, "तुझं ते पाठ आहे मला."

दुसऱ्या दिवशी कॉलेजने पालकांना बोलावलं होतं. डिफॉल्टरच्या पालकांनी येऊन कागदावर सही करायची असते. दादा म्हणाला, "तू जा बाय. तिथे विंग्रजी बोलतात." भाचीही म्हणाली, आत्यालाच नेते. मी गेले. कडक इस्त्रीची साडी नेसून गेले, खोटं कशाला सांगू.

सर तिशीतले असतील. टेबलावर फायलींचे दोन ढीग, त्यांच्या मधून तोंड दिसत होतं. डोळ्यांखाली काळं. माणूस वाईट वाटला नाही, दमलेला वाटला. पण त्यांनी माझ्याकडे न बघता सहीचा कागद पुढे सरकवला आणि बोट ठेवून म्हणाले, "इथे सही. नाहीतर अंगठाही चालेल."

माझ्या कानशिलात रक्त चढलं.

"मी ग्रॅज्युएट आहे," मी म्हटलं.

"अच्छा, अच्छा. सॉरी मॅडम." आता त्यांनी वर बघितलं. "मग तुम्हाला तरी कळेल. मुलगी हुशार आहे, पण हजेरी नाही, फाईल घाण, वर्गात झोपते. घरी काही प्रॉब्लेम आहे का? कामबिम करते का? असेल तर सांगा, मी एचओडींशी बोलून आठवडाभर वाढवून देऊ शकतो. गेल्या वर्षी एका मुलाला दिली होती मुदत."

भाची माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडे बघत होती.

आणि मी म्हणाले, "छे हो सर! काम कसलं? घरात इकडची काडी तिकडे करायला लावत नाही आम्ही तिला. फक्त अभ्यास."

का म्हणाले? अंगठा म्हणाला म्हणून. आमच्या लोकांत ही एक जुनी खोड आहे. बाहेरच्या माणसाने विचारलं की मुलगी घरी काय करते, की आम्ही छाती काढून सांगतो, आमची मुलगी घरात राणीसारखी बसून असते. स्थळ बघायला आलेल्यांना सांगतो, शाळेत बाईंना सांगतो, डॉक्टरलाही सांगतो. मुलीच्या नखांत माती असते आणि आम्ही सांगत असतो. मी ग्रॅज्युएट, एवढी ऑफिस चालवणारी बाई, पण टेबलापलीकडच्या माणसापुढे माझ्या तोंडून माझी आईच बोलली.

"मग हा निव्वळ आळस आहे," सर म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. "सवलत देता येणार नाही. सगळं पुन्हा लिहून, दिलेल्या तारखेला."

मी सही केली. ठसठशीत, पूर्ण नाव, खाली रेघ.

रिक्षा गोखिवऱ्याच्या नाक्याला आली. भाची बाहेर बघत म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"मग काय सांगू? आम्ही फुलं विकतो म्हणून पोरीला अभ्यास झेपत नाही?"

"हो. तेच सांगायचं होतं. मी तेच सांगायला तुला नेलं होतं."

एखादा थप्पड मारतो तेव्हा निदान आवाज येतो. मी रिक्षावाल्यावर ओरडले, खड्ड्यातून का घातलीस म्हणून. खड्ड्यातून घातल्याशिवाय त्या रस्त्याला रिक्षा जातच नाही.

त्याच संध्याकाळी हाफ डे टाकून मी आगाशीला गेले. दादा ओट्यावर आकडीची दोरी वळत होता. आकडी म्हणजे उंच फांदी वाकवायची काठी. वहिनी तगरीच्या कळ्या निवडत होती. मी चपला काढायच्या आधीच सुरुवात केली.

"परीक्षा होईपर्यंत तिला वाडीत घालायची नाही."

"बसा तरी वन्सं," वहिनी म्हणाली. "पानी घ्या."

"पाणी नको. तिच्या ओळी दुसऱ्या कुणाला द्या."

"आता? दिवाळी तोंडावर आलीय आनि आता?" दादा म्हणाला. "कोन तोडनार?"

"माणूस ठेव."

"कुठून आनू मानूस? सगळे तिकडे पूर्वेला बिल्डिंगीत कामाला. नि ती करते काय येवढं? चार ओळी तोडते, मग बसूनच असते ना."

"बसून नसते, अभ्यास करते!"

"तेच ते. अभ्यास बसूनच करतात ना?" वहिनीला खरंच कळत नव्हतं, ती टोमणा मारत नव्हती. "आम्ही तिला भांडी घासायला सांगत नाही, कपडे धुवायला सांगत नाही. उभ्याने करायचं एक काम सांगत नाही. आता बसलीच आहे पुस्तक घेऊन, तर बसल्या बसल्या चार पुड्या बांधल्या, त्यात काय गेलं?"

बसल्या बसल्या. आमच्या घरात हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उठतो. जो उभा आहे तो काम करतो, जो बसला तो रिकामा. आणि रिकाम्याच्या हातात काहीतरी द्यायचं. बसल्या बसल्या शेंगा सोल. बसल्या बसल्या बाळाला पाय हलवून झोपव. बसल्या बसल्या दुधाकडे बघ. अभ्यास करणारा माणूस आमच्या डोळ्यांना बसलेलाच दिसतो. त्याच्या डोक्यात मोट चालू आहे हे बाहेरून कसं दिसावं?

हे मला आज लिहिताना सुचतंय. त्या संध्याकाळी मी एवढंच किंचाळले, "मी पण शिकले ना ह्याच घरात? मी वाडी करून शिकले! पण तेव्हा एवढा छळ नव्हता!"

दादाने दोरी खाली ठेवली. माझा भाऊ फार बोलत नाही. नववीतून शाळा सोडली तेव्हापासून जे बोलतो ते कामाचं.

"बाय, तुझ्या ओळी कोनत्या होत्या?"

"कसल्या ओळी?"

"मोगऱ्याच्या. तेव्हा मोगरा होता ना इथे. तू बी.कॉम.ला होतीस तेव्हाच्या तुझ्या ओळी. कोनत्या?"

मी वाडीकडे बघितलं. मोगरा जाऊन तिथे चाफा आला त्याला वर्षं झाली, पण ते नव्हे. मोगरा तसाच असता तरी मला सांगता आलं नसतं. मी आठवून बघितलं. शाळेत असतानाच्या आठवत होत्या, विहिरीकडच्या दोन. कॉलेजातल्या आठवेनात.

"विहिरीकडच्या," मी म्हटलं.

"त्या शाळेतल्या. मग कुंपनाकडच्या सहा तुझ्या वाट्याला आल्या. बाबांनी वाटून दिल्या त्या दिवशी तू कॉलेजात गेली होतीस फॉर्म भरायला." तो हसला. "तीन वर्षं तू त्या बघितल्या पन नाहीस. मीच तोडल्या. मार्च-एप्रिलला मोगरा भरात आनि तुझी परीक्षा. बाबा बोलायचे, तिला उठव. मी बोलायचो, झोपू दे, तिच्या मी बघतो."

वहिनी कळ्या निवडायची थांबली होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

"तू कधी सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"तू हॉलमदे बोलतेस ते चांगलं वाटतं," दादा म्हणाला. "लोक टाळ्या वाजवतात."

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण खरं सांगते, मला त्याचा भयंकर राग आला. इतकी वर्षं मला भाषण करू दिलंस! आणि दुसरा राग त्याहून मोठा. माझ्या ओळी तोडणारा होता. हिच्या कोण तोडणार? तो आता पन्नाशीच्या पुढे, गुडघे गेलेले, त्याच्याच चार ओळी त्याला जड.

"हिच्या मी तोडते," मी म्हटलं.

"तू?" वहिनीला हसू आवरेना. "वन्सं, तुमचे हात आता बटनं दाबायचे. चाफ्याची फांदी कचकन् मोडते हां, मोगऱ्यासारखी नाय."

"मोडली तर मोडली!"

असं ते ठरलं. भाचीला त्याच रात्री बॅग भरून मनवेलपाड्याला आणली आणि दुसऱ्या दिवसापासून नवरा मला स्कूटरवर पहाटे आगाशीला सोडू लागला. कुंपणाकडच्या चार ओळी. पहिल्या दिवशी दोन फांद्या मोडल्या, एकीबरोबर मीही खाली आले. फुलं नेणारा म्हणाला, "ह्या कोण, नवीन बाई ठेवल्या काय?" दादा म्हणाला, "ग्रॅज्युएट आहे. जपून." सगळे हसले. मी पण हसले असते, पण कमरेतून कळ येत होती. साडेसहाला पुड्या देऊन मी परत यायची, आंघोळ करून साडेनऊला गोखिवऱ्याला. हातांना चाफ्याचा वास इतका भिनला की ऑफिसातली मुलगी म्हणाली, "मॅडम, परफ्युम बदललं वाटतं."

घरी भाचीचं वेगळंच. पहिले दोन दिवस ती फायली समोर पसरून नुसती बसली. मी ऑफिसातून येऊन बघते तर एकही पान नाही. मी इतकी भडकले की आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला. "तिकडे माझी कंबर मोडतेय आणि तू इथे डोळे लावून बसलीस?" ती रडली नाही. म्हणाली, "मला पण राग येतोय, आत्या. पण हात हलत नाही."

ऑफिसात मला एक गोष्ट येते. दहा पार्ट्यांचा माल एकदम निघायचा असेल तर मी नऊ चलानं ड्रॉवरमध्ये टाकते आणि एकच टेबलावर ठेवते. नाहीतर पोरं गोंधळतात. मी उठले, पाच फायली उचलल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली पर्समध्ये.

"ही एक. हिच्यातला पहिला प्रयोग. बाकीच्या फायली नाहीतच असं समज."

"पण बाकीचं..."

"बाकीचं माझ्या पर्समध्ये आहे."

ती पहिल्यांदा नीट हसली. त्या संध्याकाळी तीन प्रयोग झाले.

मग केटीचा कागद काढला. हिवाळी परीक्षेचा फॉर्म भरलेला होता, सहा पेपर ह्या सेमिस्टरचे आणि दोन मागचे. मी म्हटलं, "मागचे दोन ह्या वेळी द्यायचे नाहीत."

"म्हणजे केटी राहणार."

"राहू दे. उन्हाळ्यात दे."

"तू हॉलमध्ये काय सांगशील? भाचीला केटी आहे म्हणून?"

जिभेला लगाम नाही, अगदी माझ्यावर गेली आहे. मी त्या दोन विषयांची पुस्तकं उचलली आणि तीही कपाटात टाकली. सांगते, मला ते सोपं गेलं नाही. एकही वर्ष न चुकता, हे माझं सगळ्यात आवडतं वाक्य आहे.

आणि ऐका, मी किती शहाणी ते. चौथ्या दिवशी ती टेबलाशी बसून लिहीत होती, मी भाजी फोडणीला टाकत होते, आणि माझ्या तोंडून सरळ निघालं, "अगं, बसल्या बसल्या एवढा लसूण सोल ना." तिने पेन ठेवलं आणि वाटी ओढून घेतली. सवयीने हात चालू झाले. मी गॅस बंद केला आणि तिच्या हातातून वाटी हिसकावली. दोन पाकळ्या जमिनीवर उडाल्या. "देऊ नकोस!" मी ओरडले. "मी मागितलं तरी देऊ नकोस!" आता हा राग कुणावर, मलाच कळेना. शेजारची बाई त्याच आठवड्यात आली, तुमच्याकडे इंजिनियर आहे ना, बसल्या बसल्या आमच्या बंटीचं गणित घेईल का. तिच्या तोंडावर दार लावलं. ती अजून माझ्याशी बोलत नाही. बरं झालं.

एकेक फाईल कपाटातून बाहेर येत गेली, एकेक आत गेली. मधे दसरा झाला. वाडीत इतका चाफा उतरला की मी दोन दिवस रजा टाकली. सोळाव्या दिवशी सहाच्या सहा फायली टेबलावर होत्या. मार्जिन दोन बोटं, एक डाग नाही. मधल्या बोटाला तिच्या पेनाचा घट्टा पडला होता. माझ्या हाताला आकडीचा.

त्या दिवशी मी वाडीतून परस्पर कॉलेजात गेले. साडी चुरगळलेली, बोटांना चाफ्याचे डाग. कारण मला सरांना एक सांगायचं होतं.

बाहेर ओळीत पन्नास-साठ मुलं, त्यांत फायली घेऊन आमची भाची. आमचा नंबर आला. सरांनी पहिली फाईल उघडली, कव्हर बघितलं, अनुक्रमणिका बघितली, सही केली. पानं अंगठ्याने फर्रकन् सोडली, शेवटच्या पानावर सही. दुसरी. फर्र. तिसरी. सहा फायली दोन-तीन मिनिटांत झाल्या. एक ओळ वाचली नाही. एका प्रोग्रामवर नजर थांबली नाही. डाग नाहीत एवढं मात्र बघितलं.

"व्हेरी गुड," सर म्हणाले. "बघा मॅडम, मन लावलं की होतं."

"सर, मागच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले," मी म्हटलं. ओळीतली मुलं ऐकत होती, ऐकू दे. "ही मुलगी रोज पहाटे पाचला चाफा तोडते. पुड्या बांधते. मग तुमच्याकडे येते. ते डाग त्याचे होते. गेले सोळा दिवस तिच्या ओळी मी तोडल्या, म्हणून हे लिहून झालं. मन तिचं आधीपण लागलेलंच होतं. हात रिकामे नव्हते."

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या पेनाचं टोपण कुठेतरी पडलं होतं, ते शोधू लागले.

"तेव्हा सांगायला हवं होतं मॅडम," ते हळू म्हणाले.

"हो. हवं होतं. आणि तुम्ही वाचायला हवं होतं."

"माझ्याकडे तीन वर्ग आहेत," ते म्हणाले. मग दाराकडे बघून, "नेक्स्ट."

टर्म ग्रँट झाली. परीक्षा दिवाळीनंतर होती. भाची आगाशीला परत गेली आणि मला रोज पहाटे जाग येत राहिली, कुंपणाकडच्या ओळींचं काय म्हणून. रविवारी जाऊन बघितलं तर त्या ओळींत शेजारच्या वाडीतली बाई आणि तिची सून तोडत होत्या. दादाने त्या चार ओळी अर्धेलीने देऊन टाकल्या होत्या, अर्धी फुलं त्यांची. मला फोनही केला नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "माझे गुडघे असते तर दिल्या नसत्या," आणि केळीत निघून गेला.

भाची ओट्यावर बसली होती. पुस्तक मिटलेलं, पाय लांब केलेले, कुंपणावरच्या बुलबुलाकडे बघत. हातात काही नाही. आमच्या ओट्यावर असं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. वहिनी तगरीच्या कळ्यांची टोपली घेऊन आली आणि सवयीने ती तिच्या गुडघ्याजवळ ठेवली. भाचीचा हात आपोआप टोपलीकडे गेला.

"हात मागे घे!" मी अशी ओरडले की बुलबुल उडाला.

भाची हसायला लागली. वहिनी हसली नाही. तिने टोपली स्वतःकडे ओढली आणि खाली बसत पुटपुटली, "घे बाय मागे. मला तरी कोन बोललंय कधी, नुसती बस म्हनून."

मी चपला काढल्या आणि टोपलीच्या दुसऱ्या बाजूला बसले.